दुसऱ्या बाळाला अंगावर पाजायचंय? तयारी सातव्या महिन्यातच सुरू करा

"पहिल्या वेळी मला दूधच आलं नाही. आता दुसऱ्या वेळी तरी येईल का?" स्तनपानाबद्दल बायका जे विचारतात, त्यात हा प्रश्न फार वरचा. तो बहुधा नववा महिना लागल्यावर येतो आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेले दोन प्रश्न येतात: "आतापासून काय खाऊ?" आणि "पंप कुठला घेऊ?" अळिवाचे लाडू काय आणि पंप काय, दोघांचा नंबर बराच नंतरचा. पहिल्या वेळी नेमकं बिघडलं कुठे हे कळल्याशिवाय दुसऱ्या वेळची तयारी करता येत नाही. बऱ्याच जणींना ते कुणी कधी सांगितलेलंच नसतं. "हिला दूध कमी आहे" हा निकाल मात्र घरात कायमचा लागलेला असतो.

तुमची तारीख अगदी तोंडावर आली असेल, तर 'हॉस्पिटलशी आधीच बोला' आणि 'दुसरी रात्र' हे दोन भाग आजच वाचा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

जुनी फाइल काढा

पहिल्या बाळंतपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड कपाटातून काढा. नवऱ्याला किंवा आईला शेजारी बसवा. त्या दिवसांतलं तुम्हाला सगळं आठवणार नाही, कुणालाच आठवत नाही. मग या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा:

- बाळाला पहिल्यांदा छातीला कधी लावलं? तासाभरात, सहा तासांनी, की दुसऱ्या दिवशी?
- वरचं दूध कधी सुरू झालं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि कारण काय दिलं?
- जन्माच्या वेळचं, घरी सोडतानाचं आणि दीड महिन्याच्या लसीच्या वेळचं वजन किती?
- छाती भरून जड होणं कितव्या दिवशी जाणवलं? की जाणवलंच नाही?
- पाजताना दुखायचं का? भेगा, रक्त, गाठी, ताप यांपैकी काय झालं?
- बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं का? कावीळ झाली होती का? काचेच्या पेटीत ठेवलं होतं का?
- प्रसूतीत रक्तस्राव जास्त झाला होता का? वार अडकली होती का?
- पाजणं कधी थांबलं आणि त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं?

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. पाहुण्यांची वर्दळ, बारसं, टाके पिकणं, सासरी परत जाणं, नवऱ्याची रजा संपणं, असं काही ना काही त्याच्या आसपास निघतंच.

उत्तरं समोर आली की कारण साधारण तीनपैकी एका खणात जाऊन पडतं. एक, दूध बनण्यातच अडचण होती. दोन, दूध बनत होतं, पण बाळाला ते ओढता येत नव्हतं. तीन, बाळाची मागणी छातीपर्यंत पोचलीच नाही, कारण मध्ये बाटली होती. स्तन जितके रिकामे होतात तितकं नवं दूध बनतं. पहिल्या आठवड्यात दर वेळी बाटलीने पोट भरलं, तर शरीराला कळतं की इथे दूध लागत नाही, आणि ते कामाला लागत नाही. 'दूध नव्हतं' म्हणणाऱ्या बहुतेक जणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या खणात निघतात. म्हणजे दूध 'कमी झालं', मुळात कमी 'नव्हतं'. दुसऱ्या वेळी सुधारता येण्याजोगी कारणं तीच.

दुसऱ्या वेळी दूध जास्त येतं का?

बऱ्याचदा, हो. पहिल्या गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात स्तनांतल्या दुधाच्या ग्रंथी वाढतात, आणि ती वाढ पुढच्या वेळी उपयोगी पडते. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक छोटा अभ्यास छापून आला होता. २२ आयांचं पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या वेळचं दूध मोजलं, तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या वेळी ते सरासरी ३१ टक्क्यांनी जास्त भरलं. ज्यांना पहिल्या वेळी सगळ्यांत कमी होतं, त्यांच्यात वाढ सर्वांत मोठी. २२ जणींवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. पण पहिल्या अनुभवावरून दुसऱ्याचं भविष्य सांगणाऱ्या नातेवाइकांना ऐकवायला एवढं पुरेसं आहे.

आता करायच्या तपासण्या आणि न करायच्या गोष्टी

पहिल्या खणातली कारणं डॉक्टरांना दाखवायची. पुढच्या तपासणीला जाताना तो कागद बरोबर न्या आणि थेट सांगा, "पहिल्या वेळी पाजणं जमलं नव्हतं, यातलं काही कारण असेल का?" प्रसूतीच्या तपासणीत छाती आणि दूध हा विषय आपणहून निघत नाही, तो तुम्हालाच काढावा लागतो. यांची खास चौकशी करा:

- थायरॉइड. आधी गोळी चालू असेल तर मात्रा तपासून घ्या, आणि प्रसूतीनंतर पुन्हा कधी तपासायचं तेही विचारा.
- हिमोग्लोबिन. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव जास्त बाधतो, आणि त्याचा परिणाम दुधावरही होतो.
- मधुमेह, गरोदरपणातला असला तरी. यात दूध उतरायला एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो. हे आधी माहीत असलं की त्या दोन दिवसांत घाबरायला होत नाही.
- पीसीओएस, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया, किंवा दोन्ही गरोदरपणांत छातीचा आकार अजिबात न बदलणं. अशा वेळी दूध खरोखर कमी असू शकतं, पण 'कमी' म्हणजे 'शून्य' असं क्वचितच असतं.

निप्पल चपटं किंवा आत वळलेलं असेल तरी गरोदरपणात ते ओढणं, चोळणं, खरखरीत टॉवेलने घासणं यातलं काहीही करू नका. त्याने फायदा होत नाही, कातडी मात्र दुखावते आणि गर्भाशय आकुंचन पावायला लागू शकतं. बाळ निप्पल चोखत नाही, त्याभोवतीचा काळा भाग तोंडात घेऊन दूध ओढतं. प्रसूतीनंतर गरज पडली तर कापलेल्या सिरिंजने निप्पल बाहेर काढायची साधी पद्धत आहे. ती नर्सकडून शिकून घ्या.

प्रसूतीआधी हाताने चीक काढून ठेवायची पद्धत अलीकडे बऱ्याच जणींच्या कानावर आलेली असते. मधुमेह असलेल्या मातांना ती उपयोगी पडू शकते, पण ३७ आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा वेळेआधी प्रसूतीची भीती असेल तर अजिबात नको.

मोठं मूल अजून अंगावर पीत असेल तर? गरोदरपण निरोगी असेल तर पाजणं बंद करायची सक्ती नसते. पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध कमी होतं, चव बदलते, आणि काही मुलं आपणच सोडतात. प्रसूतीनंतर मात्र पहिला हक्क धाकट्याचा; चीक त्याच्यासाठी राहू द्या.

हॉस्पिटलशी आधीच बोला

सगळ्या लेखात मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वेळी हातातून निसटलेले तास बरेचदा याच भिंतींच्या आत निसटलेले असतात. आणि कळा सुरू झाल्यावर कुणी वाद घालू शकत नाही. आठव्या महिन्यात डॉक्टरांना, आणि जमलं तर लेबर रूमच्या सिस्टरांनाही, हे विचारा:

- बाळ जन्मताच माझ्या छातीवर उघड्या अंगाने ठेवाल का? वजन, अंघोळ, फोटो नंतर.
- सिझेरियन झालं तर? कमरेतून भूल दिलेली असली तर आई जागी असते, आणि टाके घालेपर्यंतही बाळ छातीजवळ ठेवता येतं. सगळीकडे करत नाहीत. म्हणून आधी विचारायचं.
- बाळ माझ्याच खोलीत राहील ना?
- मला न विचारता वरचं दूध देणार नाही ना? द्यावं लागलं तर कारण फाइलीत लिहाल का?
- पहिल्या दिवशी बाळ छातीला नीट लावून दाखवणारं कोण असेल? रात्रीच्या पाळीत?

"आमच्याकडे सगळं होतं" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. "पहिल्या वेळी जमलं नव्हतं, म्हणून विचारतेय," एवढं वाक्य पुरतं. त्यावर सहसा कुणी चिडत नाही. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवता येते. तिला वरचे पाचही मुद्दे पाठ करायला लावा.

तुमचा हक्क: बालदुग्ध पर्याय कायदा १९९२ सालचा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या पावडरच्या दुधाची, बाटलीची आणि तयार बालआहाराची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं, गरोदर बाईशी किंवा बाळाच्या आईशी कंपनीच्या माणसाने संपर्क साधणं, डॉक्टर-नर्सना भेटी देणं, या सगळ्याला त्यात बंदी आहे. डिस्चार्जच्या वेळी 'गिफ्ट किट'मध्ये एखादा डबा निघाला, तर तो नियमाला धरून नाही. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था अशा तक्रारी घेते. १९९१ साली ती आपल्या वर्ध्यातच सुरू झाली. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणासाठी वरचं दूध लिहून देणं वेगळं, ते कायद्यात बसतं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं होईल अशी शक्यता असेल, तर एनआयसीयूत आईचं दूध घेतात का आणि मिल्क बँक आहे का, हेही विचारून ठेवा. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ साली मुंबईत, सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. त्यानंतर राज्यात इतरही ठिकाणी अशा बँका झाल्या. बाळ एनआयसीयूत असेल तर पहिल्या सहा तासांत हाताने चीक काढायला सुरुवात करा आणि पुढे दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढा, थेंबभर आलं तरी. बाळ छातीशी नसताना दुधाची मागणी तुमच्या हातालाच करावी लागते.

दुसरी रात्र

पहिला दिवस सहसा बरा जातो. बाळ झोपाळू असतं, सगळे खूश असतात. खरी परीक्षा दुसऱ्या रात्री. बाळ जागं होतं, पितं, सोडतं, रडतं, पुन्हा पितं. छातीला लावलं की गप्प, पाळण्यात ठेवलं की आकांत. रात्री दोन वाजता खोलीत तीन माणसं उभी असतात आणि त्यातलं कुणीतरी म्हणतं, "त्याचं पोट भरत नाहीये गं." मग कुणी दाबून बघतं, दोन थेंब पिवळट चीक निघतो, आणि खालच्या मेडिकलमधून डबा येतो. वीस-तीस मिली पिऊन बाळ गाढ झोपतं. सगळ्यांना हायसं वाटतं आणि दूध कमी असल्याचा पुरावाही मिळतो.

या रात्री नेमकं काय घडतंय ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमचाच मावतं आणि चीकही तेवढाच येतो. दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, सिझेरियननंतर कधी एखादा दिवस उशिरा. बाळाचं वारंवार पिणं हे दूध उतरवण्याचंच काम आहे. बाळ छातीशी येऊन गप्प होतंय, म्हणजे ते काम चालू आहे. दाबून दोन थेंब निघाले म्हणून आत तेवढंच आहे असं समजू नका; बाळाला हातापेक्षा जास्त काढता येतं.

'पोट भरतंय का' याचं उत्तर रडण्यावरून ठरवू नका. या खुणा बघा:

- शू: पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा.
- शी: आधी काळी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी.
- पाजणं: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. पिताना दूध गिळल्याचा आवाज येतो.
- वजन: सुरुवातीला जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर डॉक्टरांनी बघायला हवं. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं.

ताबडतोब डॉक्टरांकडे: बाळ प्यायला उठतच नाही, शू फार कमी किंवा विटकरी रंगाची तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही, कावीळ पायांपर्यंत उतरलेली, शी पाचव्या दिवशीही काळी, किंवा बाळाचं अंग गार पडतंय वा ताप आहे. इथे थांबून बघू नका.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या वेळी हमखास वेगळी असते, आणि ती कुणी सांगत नाही: पाजताना पोटात कळा येतात, पहिल्या वेळेपेक्षा बऱ्याच जोरात. गर्भाशय आकसत असतं. दोन-तीन दिवसांत कमी होतात. त्यांच्यासाठी वेदनाशामक मागून घ्या. पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं असतात.

निप्पल काय सांगतं

पाजून झाल्यावर बाळाच्या तोंडातून बाहेर आलेलं निप्पल एकदा नीट बघा. गोल असेल तर उत्तम. लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं, टोकाला पांढरट असेल, तर बाळाने निप्पलच चावत ठेवलं होतं. पहिल्या वेळच्या भेगा आणि 'ओढतंय पण वजन वाढत नाही' यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

नीट लागलेल्या बाळाच्या चार खुणा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि निप्पलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त, खालच्या ओठाकडे कमी दिसणारा. त्यासाठी डाव्या छातीला पाजताना बाळ उजव्या हातावर घ्या, मान तळहातावर, कान-खांदा-कंबर एका रेषेत, पोट तुमच्या पोटाला लागलेलं. डाव्या हाताने छाती खालून धरा. ओठांना निप्पल लावून थांबा. तोंड जांभईएवढं उघडलं की बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे न्यायची नाही, नाहीतर पाठ गेलीच. लागताना क्षणभर ओढ बसते, पण तीस सेकंदांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दहा वेळा लागलं तर दहा वेळा.

वाचून हे अर्धंच कळतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने माता-बाल पोषणाचे मोफत व्हिडिओ केले आहेत, त्यात हीच पद्धत मराठीतही आहे. आठव्या महिन्यात नवऱ्याबरोबर बघा, उशी घेऊन सराव करा. हसू येईल, येऊ द्या.

लावणं बरोबर असूनही दुखत असेल आणि बाळ चटकन दमत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का, हे बालरोगतज्ज्ञांकडून बघून घ्या. पहिल्या बाळाला हा त्रास होता असं आता लक्षात आलं, तर दुसऱ्याला पहिल्याच दिवशी तपासायला सांगा.

वरचं दूध लागलंच तर

लागू शकतं, आणि त्यात अपराध काही नाही. साखर कमी होणं, वजन फार उतरणं, तीव्र कावीळ, आईची तब्येत गंभीर असणं ही खरी कारणं. मात्र क्रम पाळा: आधी छातीला लावा, मग हाताने काढलेलं स्वतःचं दूध, मग मिल्क बँकेचं मिळालं तर ते, आणि शेवटी पावडरचं. किती मिली, किती वेळा आणि केव्हा थांबवायचं, हे तिन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. 'थोडंसं देत राहा' हा सल्ला मोघम आहे, आणि पहिल्या वेळचं पाजणं त्यातच संपलेलं असू शकतं. वाटी-चमच्याने पाजा किंवा घरात आजीचं बोंडलं असेल तर तेही चालतं, उकळून घेऊन. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच; 'पचायला जड' म्हणून जास्त पाणी घातलं तर बाळ उपाशी राहतं. गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत नको. वरचं दूध देताय तितक्या वेळा छातीतूनही दूध काढा.

घराची तयारी

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं बहुधा स्वतःच्या घरी, कारण मोठ्याची शाळा. म्हणजे पहिल्या वेळी आईने ज्या चाळीस दिवस खस्ता खाल्ल्या, त्या आता कुणी खायच्या, हे ठरवायला हवं. लेखी ठरवा: सकाळचा डबा कोण करणार, शाळेत कोण सोडणार, रात्रीचा लंगोट कोण बदलणार. वडिलांनी पाजायचं नसतं, पण ढेकर काढणं, मोठ्याला झोपवणं, पाहुण्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावणं ही कामं त्यांची. तुमची कामं दोनच, पाजणं आणि झोपणं.

बारसं बाराव्या दिवशीच व्हायला हवं असं काही नाही. दुधाची घडी बसण्याचे ते दिवस, आणि त्याच दिवशी पन्नास माणसं, साडी, दागिने आणि पाच तास मांडीवरून मांडीवर फिरणारं बाळ! सव्वा महिन्यानंतर करा. मोठी माणसं रुसली तर डॉक्टरांचं नाव पुढे करा. डॉक्टर त्यासाठीच असतात.

बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचं थोडक्यात:

- अळीव, डिंक, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आवडीने खा. ताकद भरून यायला चांगलं आहे. त्याने दूध वाढतं याचा पक्का पुरावा नाही. दूध वाढतं ते रिकामं होण्याने. शतावरी किंवा दूध वाढवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.
- पाणी तोडायचं नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत अजून काही घरांत आहे. तहान लागेल तेवढं प्या.
- बाळाला मध, गूळपाणी, घुटी, साखरपाणी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही. मधाने वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.
- मालिशवाल्या मावशींना सांगा: छातीतल्या गाठी दाबून फोडायच्या नाहीत. दुखऱ्या गाठीवर गार कापड ठेवा आणि पाजत राहा. ताप, लाली, थंडी वाजणं चोवीस तासांत कमी झालं नाही तर डॉक्टर. त्या बाजूचं दूधही बाळाला चालतं.

मोठं मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर बाळ अंगावर घेताच त्यालाच नेमकी शू, भूक आणि गोष्ट सगळं एकदम हवं होतं. पाजायच्या जागी एक डबा ठेवा, फक्त त्या वेळीच मिळणारा: खडू, गोष्टीचं पुस्तक, चुरमुरे. "मलाही दूध दे" म्हणालं तर दचकू नका. बऱ्याच मुलांना फक्त 'नाही' ऐकायला लागतं का हे बघायचं असतं.

घरी येणाऱ्या आशाताईंना परत पाठवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभं केलेलं घरपोच नवजात बाळाच्या काळजीचं काम आता देशभर आशांमार्फत चालतं. हॉस्पिटलात प्रसूती झाली तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या यायला हव्यात. बाळाचं वजन करून मागा.

रजा, पैसे आणि कामावर परतणं

- रजा: कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर दोन हयात मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी प्रसूती रजा आहे. त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. दुसऱ्या बाळाला रजा कमी मिळते हा गैरसमज एचआरमध्येही असतो. कमी, म्हणजे १२ आठवडे, ती आधीच दोन हयात मुलं असतील तर. पहिल्या वेळी जुळी झालेल्यांनी हे नीट विचारून घ्यावं. अट: आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम. राज्य सरकारी सेवेत रजा १८० दिवसांची.
- कामावर: बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन विश्रांती मिळतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत. रजेचा अर्ज देतानाच दोन्ही लेखी मागा.
- अनुदान: दुसरं अपत्य मुलगी असेल तर पात्र गटांतल्या महिलांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे अर्ज करा.
- प्रवासात: बऱ्याच एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. कुलूप असलं तर किल्ली मागा. मागणाऱ्या बायका वाढल्या की ती खोली झाडू-बादल्या ठेवायला वापरली जात नाही.

पंप आता. घ्यायचा असेल तर कामावर जायच्या महिनाभर आधी. त्याआधी हाताने काढायला शिका; त्याला वीज लागत नाही. काढलेलं दूध खोलीत चार तास, चैत्र-वैशाखात तेवढंही नाही. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही. वीज जाण्याच्या भागात असाल तर चोवीस तासांत संपवा. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

सगळं करूनही अर्धंच दूध आलं तर

पहिल्या खणातल्या काही जणींच्या बाबतीत असं होईल. मग अर्धं अंगावरचं आणि अर्धं वरचं, हा पूर्ण मान्य पर्याय आहे. एक बारीक नळी निप्पलशेजारी चिकटवून वरचं दूधही छातीशीच पाजता येतं. स्तनपान समुपदेशकाकडून शिकून घ्या. किती दिवस प्रयत्न करायचा आणि कुठे थांबायचं, हे प्रसूतीआधीच नवऱ्याशी बोलून ठेवा, कारण दहाव्या रात्री तो निर्णय नीट घेता येत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, झोप मिळूनही झोप न लागणं असं झालं तर दुधाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी. पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं त्यातही आहेत, म्हणून दूध तोडावं लागेल या भीतीने लपवू नका.